चौथ्या टेबलावरची सतरा मतं

माझी पोटापाण्याची नोकरी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स विभागात होती. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या फाइली लावल्या, शोधल्या, आणि एका शुक्रवारी केक कापून घरी आले. त्या नोकरीबद्दल मला कधी कुणी काही विचारलं नाही. पण दर निवडणुकीला एक दिवस मी मतदान केंद्रावर काम करायचे, त्याबद्दल मात्र इथल्या केलीव्हिल उपनगरापासून भारतातल्या ठाण्यापर्यंत सगळ्यांना कुतूहल. तिकडे पेन्सिलीने मत देतात म्हणे? देतात. मत दिलं नाही तर दंड होतो म्हणे? होतो. मग लोक चिडत नाहीत? चिडतात, आणि रांगेत येऊन उभे राहतात.

बाहेरच्या माणसाला थोडक्यात सांगायचं तर असं. निवडणूक शनिवारी. बहुतेक वेळा शाळेच्या हॉलमध्ये. सकाळी आठला दार उघडतं, संध्याकाळी सहाला बंद होतं. बाहेर शाळेचे पालक सॉसेज भाजून विकत असतात. आपल्याकडच्या शाकाहारी मंडळींना ब्रेडमध्ये नुसता परतलेला कांदा मिळतो आणि तोही छान लागतो. आत टेबलं मांडलेली. प्रत्येक टेबलावरचा माणूस तीन प्रश्न विचारतो: पूर्ण नाव, पत्ता, आणि या निवडणुकीत आधी मत दिलंय का? या तिसऱ्या प्रश्नाला एका गृहस्थांनी मला गंभीरपणे उत्तर दिलं होतं, "अजून नाही, पण दिवस कुठे संपलाय." उत्तरं मिळाली की दोन कागद द्यायचे. एक छोटा, खालच्या सभागृहाचा, तो फक्त त्या मतदारसंघाचा. एक मोठा, टेबलक्लॉथएवढा, वरच्या सभागृहाचा, तो सगळ्या राज्याला एकच. उमेदवारांसमोर शिक्का मारायचा नसतो, पसंतीचे आकडे घालायचे असतात. देशाच्या निवडणुकीत छोट्या कागदावरच्या सगळ्या चौकोनांत आकडे हवेत. आमच्या राज्याच्या निवडणुकीत नुसता एक घातला तरी चालतो. हा फरक न कळल्यामुळे किती मतं बाद होतात ते मोजणीला बसलं की समजतं आणि वाईट वाटतं.

एकदा मोजणीत एक कागद निघाला. मतदाराने प्रत्येक उमेदवारापुढे आकडा घातला होता आणि शेजारी प्रगतिपुस्तकासारखा शेरा. "बोलतो फार." "प्रयत्न अपुरे." "याचे वडील बरे होते." दोन पक्षांचे प्रतिनिधी माझ्या खांद्यावरून वाद घालत होते. त्यांना बघायची परवानगी असते, हात लावायची नाही. मी म्हटलं, आकडे बरोबर आहेत, मतदार कोण हे ओळखू येत नाही, मत वैध. आमच्या इन-चार्ज मार्गारेटने मान डोलावली. ती निवृत्त मुख्याध्यापिका. तिची मान सहसा डोलत नसे. त्या एका होकारावर मी पुढची निवडणूक येईपर्यंत खूश होते.

माझा स्वभाव हेवेखोर आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. माझी धाकटी बहीण सुधा अमेरिकेत ओहायोला असते आणि तीही तिकडे निवडणुकीचं काम करते. मी पाच निवडणुका केल्यावर तिने सुरुवात केली, तरी मला वाटलं की हिने माझं काहीतरी घेतलं. तिकडचा कागद दोन्ही बाजूंनी छापलेला. राष्ट्राध्यक्ष, सिनेट, काँग्रेस, राज्याची दोन्ही सभागृहं, आणि त्याखाली न्यायाधीश. हो, तिकडे न्यायाधीशही निवडून देतात. आमच्याकडे ते नेमले जातात, त्यामुळे मला ते ऐकून आधी हसू आलं आणि मग मत्सर वाटला. "आमचा कागद वाचायलाच दहा मिनिटं लागतात ताई," असं ती म्हणायची, जसं कुणी घराचं अंगण किती मोठं आहे ते सांगावं. "लोक वरची दोन नावं बघतात आणि खालचे न्यायाधीश तसेच कोरे सोडतात. मला फार वाईट वाटतं." मी म्हणायचे, आमच्याकडे निदान सगळे येतात तरी. मग दोघी विषय बदलायचो.

पण खरा हेवा मी केला तो नीलिमाचा.

नीलिमा पुण्याची, आयटीतली, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. आमच्याच गल्लीत राहायला आली. नागरिकत्व मिळाल्यावर मीच तिला म्हटलं, ये ना केंद्रावर, ओळखी होतील. मतदारांशी कसं बोलायचं, मोठे कागद पंख्यासारखे पसरून कसे मोजायचे, पक्षाचा माणूस आवाज चढवायला लागला की आपला कसा उतरवायचा, सगळं मी शिकवलं. ती पटकन शिकली. इतकी पटकन की दुसऱ्याच निवडणुकीत मार्गारेट तिला मधूनमधून काहीतरी विचारायला लागली. मी तेव्हा मार्गारेटची डेप्युटी होते. पाच निवडणुका डेप्युटी.

मग मार्गारेट क्वीन्सलंडला राहायला गेली. जाताना मला म्हणाली, "आता तुझी पाळी." राज्याची निवडणूक जाहीर झाली आणि ईमेल आली. मी पुन्हा डेप्युटी. इन-चार्ज नीलिमा.

तिचाच फोन आला. "ताई, मला इन-चार्ज केलंय. काहीतरी मिक्सअप असेल गं. मी नाही म्हणून सांगू का त्यांना?"

"छे, छे. घे की," मी म्हटलं. "मी आहेच."

"तू आहेस म्हणूनच टेन्शन नाही."

फोन ठेवल्यावर मी घासलेलं पातेलं पुन्हा घासलं. अनिल, माझा नवरा, म्हणाला, "फॉर्ममध्ये इन-चार्जसाठी वेगळा अर्ज करायचा होता ना? तू केलास?" नव्हता केला. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांत त्यांना कळलं असेल. मागायचं कशाला? नीलिमाने मागितलं, तिला मिळालं. यात तिची चूक शून्य होती. त्यानेच जास्त जळफळाट झाला.

निवडणुकीच्या दिवशी सकाळी सहाला आम्ही हॉलवर. नीलिमाने सगळ्यांसाठी केळ्याचे मफिन्स आणले होते. प्रत्येकाचं नाव पाठ करून आली होती. मार्गारेटने कधी कुणाला पाणी विचारलं नव्हतं, आणि मला तेच बरोबर वाटायचं. मी मफिन घेतला नाही. पोट भरलंय म्हटलं.

आमचं केंद्र दोन मतदारसंघांच्या सीमेवर होतं. म्हणून पाच टेबलांपैकी चार आमच्या मतदारसंघाची आणि पाचवं शेजारच्या. छोट्या कागदांचे पॅड दोन प्रकारचे. दिसायला सारखे, फक्त माथ्यावर मतदारसंघाचं नाव वेगळं आणि उमेदवार वेगळे. कुठल्या टेबलावर कुठला पॅड, हे बघणं इन-चार्जचं काम. नीलिमाने ते केलं, टॅबलेटवर टिक केलं. मी त्या वेळी मतपेट्यांना सील लावत होते.

आठला दार उघडलं. रांग कुंपणाबाहेर गेलेली. सव्वाआठच्या सुमाराला मी टेबलांमागून चक्कर मारत होते. चौथ्या टेबलावर ग्रॅहम बसला होता, पहिल्यांदाच काम करणारा, निवृत्त बसचालक. त्याच्या समोरच्या पॅडच्या माथ्यावर शेजारच्या मतदारसंघाचं नाव होतं.

मी पुन्हा वाचलं. तेच.

"किती झाले?" मी त्याला विचारलं.

"सहा, लव्ह," ग्रॅहम इथल्या जुन्या लोकांच्या सवयीने म्हणाला. "हात बसतोय आता."

सहा मतदारांना चुकीचा कागद गेला होता. तो पेटीत पडला की परत काढता येत नाही. नाव नसतं, खूण नसते. ती सहा मतं आमच्या मतदारसंघापुरती गेलीच. मी काय करायला हवं होतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पॅड उचलायचा, रांग थांबवायची, नीलिमाला हाक मारायची. पाच मिनिटांचं काम.

मी पुढे चालत गेले.

मला वाटलं, साडेआठला नीलिमाची टेबलं तपासायची फेरी आहे. तिलाच सापडू दे. तिची चूक तिच्या हाती लागू दे, सगळ्यांसमोर, मफिन खाणाऱ्यांसमोर. फार तर पंधरा मिनिटं. अगदी याच शब्दांत मी विचार केला आणि पेन्सिलींना टोक करायला बसले.

साडेआठला दारात एका बाईंना चक्कर आली. नीलिमा खुर्ची घेऊन धावली, पाणी दिलं, त्यांच्या मुलाला फोन लावला. फेरी राहिली. मी घड्याळ बघत होते. आता सांगावं तर ग्रॅहम म्हणणार, ही तर मघाशीच येऊन बघून गेली. जितका वेळ जात होता तितकं बोलणं अवघड होत होतं.

तेवढ्यात रांगेतून शेवडेबाई आत आल्या.

शेवडेबाई इथल्या मराठी मंडळातल्या ओळखीच्या. सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका होत्या, आता मुलाकडे असतात. तिकडे शिक्षकांना निवडणुकीची ड्युटी लागते, ती त्यांनी तीस वर्षं केली. मतपेटी मांडीवर घेऊन एसटीने डोंगरातल्या गावी जायचं, शाळेच्या फरशीवर झोपायचं, पहाटे उठून केंद्र लावायचं. माझ्या कामाची खरी कदर त्यांनाच. नागरिकत्व मिळून त्यांना दोन महिने झाले होते. इथलं पहिलं मत. त्यासाठी त्या इरकली नेसून आल्या होत्या.

मला बघून लांबूनच हात केला. "मंजिरी, आज तू केंद्राध्यक्ष का गं?"

"नाही हो. ती नीलिमा."

"असं? बरं बरं."

त्या 'बरं बरं'ने मला काय झालं ते सांगता येणार नाही. रांगेवरच्या मुलीने त्यांना चौथ्या टेबलाकडे हात दाखवला. मी टेबलापासून तीन पावलांवर होते. ग्रॅहमने नाव विचारलं, त्यांनी खणखणीत सांगितलं. पत्ता सांगितला. आधी मत दिलंय का, यावर म्हणाल्या, "नो सर. फर्स्ट टाइम." ग्रॅहमने कागद फाडून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, आडोशामागे गेल्या, बराच वेळ लावला, नीट घडी करून पेटीत टाकला. जाताना मला म्हणाल्या, "व्यवस्था छान आहे हो तुमची." बाहेर मुलाने त्यांचा ब्रेड-कांद्यासकट फोटो काढला. तो मंडळाच्या ग्रुपवर आला, मी अंगठाही दिला.

नऊला दहा मिनिटं असताना एक सरदारजी चौथ्या टेबलावरून उलटे आले. त्यांच्या हातात पक्षाचं पत्रक आणि छोटा कागद. "मॅडम, ये नाम मॅच नहीं कर रहे." नीलिमाने कागद बघितला आणि तिचा चेहरा उतरला. पण आवाज तसाच राहिला. "सर, थँक यू, आप एक मिनट रुकिए." तिने ग्रॅहमचं टेबल थांबवलं, पॅड काढून घेतला, सरदारजींना बरोबर कागद दिला, निवडणूक ऑफिसला फोन केला. मग उरलेले कागद मोजले. पन्नासातले सव्वीस शिल्लक, आणि एक सरदारजींनी परत केलेला. म्हणजे तेवीस पेटीत.

"ताई, तू बघितला होतास का हा पॅड?"

"नाही गं," मी म्हटलं. "आत्ताच."

ग्रॅहम खाली मान घालून बसला होता.

तेवीसमधली सहा नीलिमाची. सतरा माझी. हा हिशेब तेव्हा फक्त मला माहीत होता.

संध्याकाळी पेटी उघडल्यावर ते कागद एकेक करून निघाले. पक्षांचे प्रतिनिधी टेबलाभोवती वाकून बघत होते. नीलिमाने ते वेगळ्या लिफाफ्यात घातले, बाहेर लिहिलं, सही केली. त्यातल्या एकावर प्रत्येक चौकोनात आकडे होते, शाळेतल्या फळ्यावर काढावेत तसे एकसारखे, सुबक. राज्याला एक आकडा पुरत असताना कुणीतरी सगळे घातले होते. कुणाचा कागद ते कायद्याने मला कळायला नको होतं. मी तो पालथा घातला.

निकालात काही फरक पडला नाही. जिंकणारा हजारोंनी जिंकला. हे वाक्य मी स्वतःला पुष्कळ दिवस ऐकवत होते. नीलिमाने अहवाल लिहिला, पॅड वाटण्यातली चूक माझी, फेरी चुकली तीही माझी, असं स्वच्छ.

पुढच्या वर्षी कौन्सिलची, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारखी, निवडणूक आली. ती घेणारं ऑफिस तेच, राज्याचं. नीलिमाला बोलावणं आलं नाही. मला आलं, इन-चार्ज म्हणून, अर्ज न करता. ज्याची इतकी वर्षं वाट बघितली ते पत्र मी फ्रिजवर चिकटवलं आणि सुधाला फोन केला. आनंदाची बातमी सांगायला केला होता. बोलता बोलता सगळं सांगून बसले.

सुधा म्हणाली, "तू बघितलंस आणि पुढे गेलीस?"

"सहा तर आधीच गेले होते."

"ताई, आमच्या काउंटीत एका न्यायाधीशाची निवडणूक इतकी अटीतटीची झाली की सगळे कागद पुन्हा मोजले. माझ्या केंद्रावरचा एक गठ्ठा मी एकेक कागद करून दोनदा तपासला. कुणाच्या तरी नोकरीसाठी नाही. ते कागद दुसऱ्यांचे असतात म्हणून."

धाकटी बहीण मला शिकवते याचाही मला राग आला. पण फोन ठेवल्यावर पत्र फ्रिजवरून काढलं.

नीलिमाकडे गेले तेव्हा ती मुलीच्या डब्यासाठी काकडी चिरत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. ती चिरत राहिली.

"मला माहिती होतं," ती म्हणाली. "ग्रॅहमने त्याच दिवशी सांगितलं. कारपार्कमध्ये."

"मग अहवालात का नाही लिहिलंस?"

"पॅड मी ठेवला होता. ते खरंच माझं होतं. तुझं तू लिहायला हवं होतंस." मग सुरी ठेवून तिने माझ्याकडे बघितलं. "एक वर्ष मी तुला स्वतःहून फोन केला नाही. तुझ्या लक्षात तरी आलं का? तू मला हात धरून नेलं होतंस तिथे. मला वाटायचं, मी चुकले तर तू आहेस."

"काय करू आता?"

"लिही. आणि शेवडे आजींना सांग. आय कान्ट डू दॅट फॉर यू."

तिच्या मुलीने आतून विचारलं, "आई, हू इज इट?" नीलिमा म्हणाली, "नोबडी, बेटा. गेट रेडी." ते ती रागाने म्हणाली की सवयीने, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी ऑफिसला पत्र लिहिलं. पॅड किती वाजता बघितला, किती वेळ गप्प राहिले. कारण मात्र एका ओळीत, आणि ते लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. इन-चार्जचं काम नाकारलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: नोंद घेतली आहे, यापुढे आपल्या सेवेची गरज भासणार नाही. नीलिमाच्या नोंदीत दुरुस्ती केली, हे मला तिच्याकडून नाही, दुसऱ्या कुणाकडून कळलं.

शेवडेबाईंना सांगायला जायचं मी दोन वेळा टाळलं. तिसऱ्या वेळी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ड्युटीवरच्या माणसासारख्या ताठ बसल्या होत्या.

"आणि तो मोठा कागद?" त्यांनी विचारलं.

"तो मोजला गेला. तो राज्यभर एकच असतो."

"म्हणजे अर्धं मत पोचलं." मग म्हणाल्या, "आमच्या एका केंद्रावर एकदा शाईची बाटली सांडली. मी माझ्या लुगड्याने पुसून घेतली, पण केंद्र बंद पडू दिलं नाही. तू नुसतं तोंड उघडायचं होतंस, मंजिरी."

चहा त्यांनी केला नाही. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "देशाची निवडणूक कधी आहे? मुलगा परगावी असतो शनिवारचा. तू ने मला."

देशाच्या निवडणुकीचं ऑफिस वेगळं. मी त्यांच्या अर्जाचं पान उघडलंही होतं. पूर्वानुभवाच्या रकान्यापाशी आले आणि बंद केलं. नीलिमाने अर्ज केला. ती इन-चार्ज झाली.

त्या शनिवारी मी शेवडेबाईंना घेऊन रांगेत उभी राहिले. पाऊण तास लागला. आत टेबलावरच्या मुलाने त्यांना छोटा, हिरवा कागद दिला. त्या टेबलावरून हलल्या नाहीत. चष्मा लावला, माथ्यावरचं मतदारसंघाचं नाव बोट ठेवून मोठ्याने वाचलं, मग उमेदवारांची नावं वाचायला लागल्या. मागे रांग खोळंबली. मुलगा ओशाळला. नीलिमा तिकडून चालत आली.

"आजी, सगळं बरोबर आहे ना?"

"बघू दे," शेवडेबाई म्हणाल्या आणि शेवटच्या नावापर्यंत वाचून मगच म्हणाल्या, "आहे."

"टेक युवर टाइम," नीलिमा म्हणाली. माझ्याकडे बघून तिने मान हलवली, ओळखीच्या मतदाराकडे बघून हलवावी तेवढी. मग ती एकेका टेबलावर गेली, प्रत्येक पॅड स्वतः उचलून माथा वाचला, खाली ठेवला, पुढे गेली. मी इतक्या वर्षांत इतकी नीट फेरी कधी मारली नव्हती. आता कळल्यावर हेवा संपला, असं इथे लिहिता आलं असतं. पण मी आकडे घालायला आडोशामागे गेले तेव्हा पेन्सिल हातात धरून आधी तिच्याकडेच बघत होते, आणि मला तिच्या जागी असायचं होतं.